एकशे ब्याण्णववाले काका

प्रत्येक सोसायटीत असे एक काका असतात. निवृत्तीनंतर कुणी नर्मदा परिक्रमेला जातं, हे राऊटरच्या सेटिंगमध्ये जातात. कुणाचंही वायफाय रुसलं की ते आधी चपला घालतात आणि जिन्यातूनच ओरडतात, "ब्राउझर उघड, टाक, एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, एक!" नेट बंद असतानाही राऊटरचं पान उघडतं, हे पाहून घरच्यांचे डोळे विस्फारतात. काकांची निम्मी दक्षिणा तिथेच वसूल होते.

एरवी राऊटर घरातल्या प्रत्येक यंत्राला आपणहून आयपी पत्ता वाटतो. काकांना ही डीएचसीपीची खैरात पसंत नाही. "आज एक नंबर, उद्या दुसरा? भाडेकरू आहेत का हे?" त्यांच्याकडे एक वही आहे. २ नंबर स्वतःचा, ३ काकूंचा, ५० प्रिंटरचा. १०० ते १९९ राऊटरनं हवे तसे वाटावेत. त्यातला पत्ता परस्पर कुणाला कायमचा लावायचा नाही, नाहीतर एकाच पत्त्यावर दोघं येऊन भांडतात. नातू शाळेत जायला लागला, तरी जावई अजून शंभराच्या पुढेच आहेत. कायम झालेले नाहीत.

लॅपटॉपवर १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता दिसला की काका हळहळतात. "राऊटरनं याला भीक घातली नाही. म्हणून यानं स्वतःच स्वतःचं बारसं उरकलंय!"

एकदा यादीत १३७ नंबरवर अनोळखी पाहुणा दिसला. मॅक पत्ता वहीत नाही. काकांनी शेजाऱ्यांच्या पोराकडे रोखून पाहिलं आणि पाहुण्याला ब्लॉक केलं. आतल्या खोलीतून मुलगा किंचाळला. त्याची ऑफिसची मीटिंग अर्ध्यात तुटली होती. त्याचा फोन नवा होता, आणि हल्लीचे फोन खरा मॅक पत्ता लपवून प्रत्येक वायफायला वेगळाच दाखवतात. "बापापासून पत्ता लपवतोस?" काका म्हणाले. चूक कुणाची, यावर दोघांचं अजून एकमत नाही.

परवा त्यांच्याच घरचं नेट गेलं. काकांनी काळ्या स्क्रीनवर पिंग मारलं, मग ट्रेसर्ट चालवलं. पहिल्या ओळीत राऊटरचं उत्तर आलं, पुढे नुसत्या फुल्या. "बघा! आपल्या उंबऱ्याच्या आत दोष नाही!" प्रिंटरला नेट लागत नाही, हे सिद्ध करत त्यांनी त्या फुल्यांची प्रत काढली आणि केबलवाल्या पोराच्या हातात ठेवली.

पोरानं कागद उलटसुलट पाहिला, मोबाइल पाहिला. "काका, पॅक संपलंय. रिचार्ज राहिलाय."

काकूंनी कपाळाला हात लावला. काकांनी मात्र कागद परत घेतला, खाली तारीख टाकली आणि विजयी मुद्रेनं म्हणाले, "म्हणजे कॉन्फिगरेशन बरोबरच होतं!"