सल्ला, खुलासा, सूत्रे

कृत्रिम बुद्धिमत्तेला वेसण घालण्याचे भारतीय तंत्र ‘ॲडव्हायझरी’ नावाच्या कागदावर चालते. हा कागद कायदा नसतो. कायदा आहे याची आठवण मात्र करून देतो. १ मार्च २०२४ रोजी केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने असाच एक कागद काढला: अपुरी चाचणी झालेले किंवा बेभरवशाचे मॉडेल लोकांपुढे आणण्याआधी सरकारची स्पष्ट परवानगी घ्यावी. बेभरवशाचे कशाला म्हणावे, हे सांगायचे राहून गेले. पंधरा दिवसांत अहवाल द्यावा, हे मात्र राहिले नाही. लगोलग राज्यमंत्र्यांचा खुलासा आला, की हे मोठ्या कंपन्यांपुरते आहे, स्टार्टअपना नाही. १५ मार्चला, अहवालाची मुदत भरता भरता, सुधारित ॲडव्हायझरी निघाली आणि परवानगीची अट गळाली.

उरली ती पाटी. उत्तर चुकीचे असू शकते, हे वापरणाऱ्याला कळवावे. प्रश्न टंकायच्या चौकटीखाली करड्या, बारीक अक्षरांत अशी ओळ दिसते. ‘वाहने स्वतःच्या जबाबदारीवर लावावीत’ या पाटीची ही धाकटी बहीण.

युरोपीय संघाने त्याच वर्षी कायदा केला. निषिद्ध वापराला जागतिक उलाढालीच्या ७ टक्क्यांपर्यंत दंड. भारताने नोव्हेंबर २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यांत सूत्रे सात. तिसरे सूत्र निर्बंधापेक्षा नवनिर्मितीला पसंती देणारे. स्वतंत्र कायद्याची तूर्त गरज नाही, असेही या तत्त्वांत नमूद आहे.