ऐकणाऱ्या साहेबांस

यवतमाळ

रा. रा. ऐकणारे साहेब यांस,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

आपण माझा फोन ऐकता की नाही, हे मला ठाऊक नाही. ऐकत नसाल तर हे पत्र आपल्यासाठी नाही. ऐकत असाल तर काही गोष्टी आधीच सांगतो, मागून गैरसमज नको.

आमच्याकडचं बोलणं कानाला संशयास्पद लागतं. मे-जूनमध्ये 'चोर', 'पाकीट' आणि 'रातच्याला आणून देतो' हे एकाच दमात ऐकू येईल. तो विषय चोरबीटीचा, म्हणजे सरकारी परवानगी नसलेल्या कपाशीच्या बियाण्याचा. (हे उदाहरण जरा चुकलंच, ते बेकायदाच निघालं. दुसरं देतो.) २०१८ साली पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यात जो तो फोनवर विचारायचा, 'टी-वन कुठं दिसली?' ती वाघीण. हे सांकेतिक नाव गावकऱ्यांनी नव्हे, वनखात्यानं ठेवलं होतं. २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीजवळ तिला गोळी घातली, तेव्हा ते विचारणं थांबलं.

नाव ठेवण्यात मात्र आपलं खातं वनखात्याच्या कैक पावलं पुढे. नाना पटोले भंडारा-गोंदियाचे भाजप खासदार असताना त्यांचा फोन 'अमजद खान' या नावानं, अमली पदार्थांचं निमित्त करून टॅप झाला, असा आरोप २०२१ मध्ये विधानसभेत झाला. निवडून आलेल्या माणसाला एकदम गब्बरच केलंत! बच्चू कडूंच्या वाट्याला 'निजामुद्दीन बाबू शेख' आलं म्हणतात. या टॅपिंगवरून पुण्यात गुन्हा दाखल झाला, सरकार बदललं, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयात तो गुन्हा रद्दही झाला. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ही नावं ज्यानं कुणी सुचवली असतील, त्याला मुसलमानी नाव दिसलं की सही लवकर पडते, हे नीट माहीत असणार.

सहीचंच पाहा ना. १८८५ च्या तार कायद्याखाली फोन ऐकले जात. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गृहसचिवाचा आदेश, ठरावीक मुदत, आढावा समिती असं कुंपण घातलं. २०१३ मध्ये तार बंद झाली, कायदा मात्र आणखी दहाएक वर्षं चालला. मग २०२३ चा दूरसंचार कायदा आला. कुंपण तेच. आदेश देणारे सचिव, आढावा घेणारेही सचिव. न्यायाधीश कुठेच नाही. आढावा घ्यायचा तो समोर आलेल्या कागदाचा. कागदावर अमजद खान असेल, तर कितीही प्रामाणिकपणे घेतला तरी आढावा अमजद खानचाच होणार. ज्याचा फोन आहे त्याला बिचाऱ्याला आयुष्यभर पत्ता लागत नाही, मग तो 'अहो, हा मी नव्हेच' असं सांगणार कुणाला?

बाकी तोंड बंद करायला आम्हाला आपली मदत लागत नाही. जानेवारी २०१९ मध्ये आमच्या गावी ९२वं साहित्य संमेलन भरलं. उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावलं आणि गोंधळाच्या धास्तीनं नंतर 'येऊ नका' म्हणून कळवलं. आक्षेप काय, तर त्या इंग्रजीत लिहितात. वडील रणजित पंडित मराठी; स्वतः त्या सख्ख्या मामेबहिणीच्या आणीबाणीविरुद्ध उभ्या राहिलेल्या. त्यांचं भाषण आधीच येऊन पडलं होतं. मांडवात झालं असतं तर आम्ही अर्धं झोपेत ऐकलं असतं. रद्द झालं म्हणून घरोघरी वाचलं. उद्घाटन वैशाली येडे यांनी केलं, शेतकऱ्याच्या विधवेनं. बोलल्या त्या माईकवर, भर मांडवात. चोरून ऐकण्यासारखं त्यात काही नव्हतं, त्यामुळे आपल्या खात्यानं ऐकलं का, हे कळायला मार्ग नाही.

आता माझं काम. खेडा खरेदीवाल्यानं मला फोनवर कापसाचा एक भाव सांगितला आणि गाडी काट्यावर चढल्यावर ओलावा दाखवून दुसराच दिला. 'असं मी बोललोच नाही,' म्हणतो. माझ्याकडे पुरावा नाही, आपल्याकडे असेल. तेवढा तुकडा पाठवावा. सहा महिन्यांनी नोंदी नष्ट करायचा नियम आहे आणि बोलणं दिवाळीतलं आहे, तेव्हा जरा घाई करावी.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
(कागदोपत्री जे असेल ते)