आबांचे दफ्तर

बीदर आणि गुलबर्गा जिल्ह्यांच्या सरहद्दीवरील तालुक्यांत, म्हणजे भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या टापूत, ज्या गृहस्थाचा जन्म निजामाच्या अंमलाच्या अखेरच्या वर्षांत झाला, १९५६ साली आपला तालुका म्हैसूर राज्यात गेल्याची वार्ता ज्याने मराठी शाळेच्या बाकावर बसून ऐकली, नोकरी टिकविण्यासाठी ज्याने पुढे कन्नडची खातेपरीक्षा उत्तीर्ण केली आणि जो यथावकाश तालुका कचेरीतून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाला, असा गृहस्थ सायंकाळी कट्ट्यावर बसून ‘आमचे आबा’ असे दोन शब्द उच्चारतो, तेव्हा तो आपल्या तीर्थरूपांविषयी बोलत असेल असा समज करून घेणाऱ्या नवख्याची धडगत नसते. तीर्थरूप निजामाच्या कचेरीत पेशकार होते आणि त्यांच्याविषयी तो सहसा बोलतच नाही. आबा म्हणजे श्रीयुत गंगाधर टिपरे, त्याच नावाच्या मराठी मालिकेतील आजोबा. आणि ज्या अर्थी टिपरे, त्या अर्थी ती भूमिका करणारे दिलीप प्रभावळकर. या दोन इसमांत काही भेद आहे ही गोष्ट शिरस्तेदारास तत्त्वतः मान्य आहे, पण व्यवहारात त्याने ती कधीच अमलात आणलेली नाही.

ही मालिका २००१ ते २००५ या काळात चालली, केदार शिंदे यांनी ती दिग्दर्शित केली आणि ‘लोकसत्ता’तील प्रभावळकरांच्याच सदरातून व ‘अनुदिनी’ या पुस्तकातून ती जन्मास आली, एवढा मजकूर कोणीही सांगेल. शिरस्तेदाराची मातब्बरी निराळी आहे. कचेरीत चाळीस वर्षे पहाणीपत्रके, फेरफार आणि हद्दीच्या खुणा यांत गेल्यामुळे त्याने टिपरे कुटुंबाचीही मनातल्या मनात एक पहाणी तयार करून ठेविली आहे: खातेदार आबा, वारस मुलगा शेखर, भूमिका राजन भिसे, सून श्यामला, भूमिका शुभांगी गोखले, नातवंडे शिऱ्या आणि शलाका. ज्याने मुंबई उभ्या आयुष्यात एकदा, आणि तीही दवाखान्याच्या कामासाठी, पाहिली, तो हा मनुष्य त्या घरातील आबांच्या खुर्चीपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंतचे अंतर हाताने दाखवून सांगतो. आणि स्वतःच्या वडिलार्जित वाड्यातील भावाचा हिस्सा कोणत्या भिंतीपासून सुरू होतो या प्रश्नावर मात्र ‘पाहावे लागेल’ म्हणतो.

अभिनेत्याच्या अन्य भूमिकांचा निवाडाही तो याच दफ्तराच्या आधारे करतो. १९९१ च्या ‘चौकट राजा’चे नाव निघाले की तो चष्मा काढून पुसतो आणि विषय बदलतो. १९९३ च्या ‘झपाटलेला’तील तात्या विंचू हा त्याच्या मते आबांच्या नावावरील एकमेव फौजदारी गुन्हा होय, आणि पूर्वायुष्यातील वर्तन म्हणून तो माफीस पात्र आहे. २००६ साली ‘लगे रहो मुन्नाभाई’त आबा गांधीजी झाले व त्यांस राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ही मात्र रीतसर मार्गाने मिळालेली बढती; आमच्या माणसाला दिल्लीने उशिरा ओळखले, एवढाच त्यावर शेरा.

परंतु त्याच्या विद्वत्तेचे खरे क्षेत्र म्हणजे आबांचे वय. प्रभावळकरांची जन्मतारीख ४ ऑगस्ट १९४४. मालिका सुरू झाली तेव्हा साठीही न गाठलेला हा मनुष्य सत्तरी ओलांडलेल्या आजोबांची चाल चालत होता, म्हणजे सेवेच्या परिभाषेत बोलावयाचे तर ते प्रभारी आजोबा होते. मूळ पद निराळे, कार्यभार वरच्या पदाचा. त्या काळी आमचा शिरस्तेदार स्वतः नोकरीत होता, त्याची सहानुभूती शेखरकडे असे आणि आबा जरा जास्तच ढवळाढवळ करतात असे त्याचे खाजगी मत होते. आता पाहावे तर सप्टेंबर २०२५ मध्ये ‘दशावतार’ प्रदर्शित झाला तेव्हा प्रभावळकरांनी एक्याऐंशी पुरी केलेली, आणि कोकणातील वृद्ध दशावतारी कलावंताची प्रमुख भूमिका ते खांद्यावर घेऊन उभे! शिरस्तेदार हा चित्रपट पाहण्यासाठी लातूरला गेला, परत आला आणि कट्ट्यावर त्याने गंभीरपणे जाहीर केले की, आबा आता कायम झाले. स्वतः तो अभिनेत्यापेक्षा तीन वर्षांनी लहान आहे. आणि शेखरचे आताशा वागणे बरोबर नाही, असे अलीकडे त्याला वाटू लागले आहे. हा बदल त्याच्या ध्यानात आलेला नाही, व तो ध्यानात आणून देण्याचे धाडस त्याच्या चिरंजीवांनी अद्याप केलेले नाही.

या दफ्तरात एक नोंद मात्र वादग्रस्त आहे. मुंबई दूरदर्शनवर सत्तरच्या दशकाच्या अखेरीस चिं. वि. जोशींच्या लेखनावरून ‘चिमणराव’ ही मालिका झाली. प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. हे सर्व भाग आपण प्रत्यक्ष पाहिले, असे शिरस्तेदार सांगतो. आता भूगोल आणि इतिहास दोघेही या विधानाच्या विरुद्ध साक्ष देतात. आमच्या मुलखात दूरचित्रवाणी आली ती काही कमी दिमाखाने नव्हे: १९७५-७६ साली उपग्रहाच्या प्रयोगात कर्नाटकातील जे तीन जिल्हे निवडले त्यांत गुलबर्गा होते, १९७७ मध्ये गुलबर्ग्यास केंद्रही झाले, आणि बेंगळुरूला ते भाग्य १९८१ पर्यंत लाभले नव्हते, हे सांगताना अद्यापही येथील माणसाची छाती फुगते. परंतु त्या केंद्रावरून दिसे ती शेती, आरोग्य, आणि कन्नड. मुंबईच्या प्रक्षेपणाची लहर बालाघाटचे डोंगर ओलांडून भालकीत उतरणे शक्यच नव्हते. बहुधा असे झाले असावे की, ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ त्याने वाचलेले होते, पुण्याच्या मावसभावाने उन्हाळ्याच्या सुटीत मालिकेतील प्रसंग साभिनय करून दाखविले, आणि पुढे प्रभावळकरांचा चेहरा ओळखीचा झाल्यावर तो मागच्या तारखेने त्या प्रसंगांस जोडला गेला. कचेरीत मागील तारखेने नोंद करणे हा गुन्हा आहे. स्मरणात त्याला बंदी नाही.

अडत बाजारातील एक व्यापारी, तुरीच्या भावात पैशाचीही चूक खपवून न घेणारा, त्याला एकदा सर्वांसमक्ष म्हणाला, “साहेब, तवा भालकीत टीव्ही कुठं हुता? चिमणराव तुम्ही बघितलाव तरी कुठं?”

शिरस्तेदार विचलित झाला नाही. “बारा वर्षांच्या वर झालं का नाही, मी हे सांगायलो त्याला? तवा हरकत घेतलाव का? आता मुदत गेली.”

कायदा त्याच्या बाजूस आहे. दुसऱ्याच्या जमिनीवर बारा वर्षे उघड, अखंड आणि बिनहरकत कब्जा असेल तर मूळ मालकाचा हक्क बुडतो. आणि पुणे-मुंबईच्या ज्या मूळ मालकांनी चिमणराव खरोखर पाहिला त्यांनी आपल्या आठवणीची मशागत इतकी वर्षे केली नसेल, तर ती भालकीच्या माणसाच्या नावे लागावी यात मला तरी अन्याय दिसत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये बाळ कर्वे गेल्याचे कळले तेव्हा त्या कट्ट्यावर गुंड्याभाऊसाठी जी हळहळ झाली, ती कब्जेदाराची होती की मालकाची, हे ओळखून दाखवावे!

टिपऱ्यांची गोष्ट तशी नाही. तेथे कागद पक्का आहे. त्या वेळी गावच्या केबलवर कन्नड, तेलुगू आणि उर्दू वाहिन्यांची चलती होती व मराठीसाठी जागा नव्हती. शिरस्तेदाराने केबलवाल्याच्या नावे एक अर्ज लिहिला, ज्यात विषय, संदर्भ, सविनय विनंती आणि ‘प्रत माहितीस्तव’ ही चारही अंगे होती, सह्या घेतल्या, आणि जिच्यावर टिपरे लागत ती अल्फा मराठी वाहिनी मंजूर झाली, ती यादीतील शेवटच्या क्रमांकावर. तेथे आबांच्या चेहऱ्यावर इतक्या मुंग्या येत की आबा बोलायलेत की श्यामला, हे आवाजावरूनच ठरवावे लागे. तरी तेवढा अर्धा तास घरात शांतता पाळली जाई. बीदरच्या मराठी माणसास महाराष्ट्र असा सहसा मुंग्यांतूनच दिसत आलेला आहे. आणि अस्पष्ट दिसते म्हणून त्याने कधी पाहणे सोडले नाही.

शिरस्तेदाराची सून हुमनाबादकडची, घरी कन्नड बोलणारी. तिची निष्ठा ‘पापा पांडु’वर. सिहि कहि चंद्रू यांच्या त्या कन्नड विनोदी मालिकेचा आणि टिपऱ्यांचा काळ थोडाफार एकच असल्यामुळे या घरात जो सीमावाद झाला, तो सर्वोच्च न्यायालयात २००४ साली महाराष्ट्राने दाखल केलेल्या दाव्यापेक्षा लवकर मिटला, कारण रिमोट सुनेच्या हाती होता. शिरस्तेदार त्या मालिकेचा उल्लेख ‘थिल्लर’ असा करतो; मात्र पांडूची बायको नवऱ्याला झोडपते तो प्रसंग तो इतक्या बारकाईने सांगतो की, ऐकणाऱ्याने साक्षीदाराची उलटतपासणी करू नये हेच सभ्यपणाचे. नातू कन्नड माध्यमात शिकतो. मोबाइलवर जुने भाग लावून आजोबा त्याला टिपरे दाखवितात, तेव्हा तो विनोद कळला नाही तरी हसतो, कारण आजोबा हसतात. आणि शिऱ्यासारखा उलटून बोलतो, तेव्हा आजोबांस अभिमान वाटावा की राग यावा, याचा उलगडा होत नाही.

अलीकडे कट्ट्यावरील मंडळींनी मनावर घेतले आहे की, आबांना भालकीस आणून त्यांचा सत्कार करावा. निमंत्रणाचा मसुदा सहा वेळा झाला. ‘आदरणीय प्रभावळकर’ लिहावे की ‘तीर्थरूप आबा’ यावर एक बैठक गेली. फराळास सुशीला द्यावी की हुग्गी, यावर दुसरी, आणि ती बरीच लांबली, कारण ठरावापूर्वी दोन्ही पदार्थ करून पाहणे आवश्यक मानले गेले. शाल, श्रीफळ, बिदरी कामाची फुलदाणी, सर्व एकमताने संमत झाले. गाडी अडली ती प्रवासभत्त्यावर. तो नियमाप्रमाणे द्यावा यात दुमत नाही. परंतु पाहुणे महाराष्ट्रातून निघणार आणि कर्नाटकात उतरणार, तेव्हा दर कोणत्या राज्याचा लावावा, या मुद्द्यावर शिरस्तेदाराने चार पानी टिपण लिहिले आहे. अडत्या म्हणतो, “पैसे मी देतो, तुम्ही पत्र टाका.” असा बेकायदेशीर खर्च मंजूर करण्यास शिरस्तेदाराने साफ नकार दिला आहे आणि कागद पुढील बैठकीपर्यंत आपल्या सहीने रोखून धरला आहे.