माण तालुक्यातला नवा तलाव

दहिवडीच्या जरा वर, डोंगराच्या कुशीत एक तलाव आहे. पाणी निळसर-हिरवं, आकार कुळथाच्या दाण्यासारखा, आणि नकाशाच्या प्रमाणात मोजला तर रुंदी चांगली किलोमीटरभर. सातारा जिल्ह्याच्या कुठल्याही सरकारी नोंदीत तो सापडायचा नाही. कारण तो माण तालुक्यात नव्हता, एका शाळेच्या भिंतीवर होता, आणि तोही वीज असेल तेव्हाच.

प्रस्तुत लेखक त्या शाळेत भूगोल शिकवीत असत. लोकवर्गणीतून आलेला प्रोजेक्टर सुरू करून त्यांनी जिल्ह्याचा नकाशा भिंतीवर टाकला आणि पोरांना वहीत उतरवून घ्यायला सांगितलं. दहा मिनिटांनी मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, ह्यो कंचा तलाव?” लेखकाने आयुष्यभर भूगोल शिकवला होता, त्यामुळे त्यांना लगेच ‘माहीत नाही’ म्हणता येईना. “पाझर तलाव आहे,” ते म्हणाले. ज्या तालुक्यात वर्षाकाठी पाचशे मिलिमीटर पाऊस पडला तरी लोक देव पावला म्हणतात, तिथे पाझर तलावाला कोण हरकत घेणार? पोरांनी निळ्या पेन्सिली काढल्या.

पुढचा तास विज्ञानाचा होता. बाईंनी पचनसंस्थेचं चित्र लावलं, आणि तोच तलाव यकृतात दिसू लागला.

आता हे पाणी आलं कुठून? एलसीडी प्रोजेक्टरच्या पोटात दिव्याचा पांढरा उजेड लाल, हिरवा आणि निळा असा तीन वाटांनी फोडतात. प्रत्येक वाटेवर बोटाच्या पेराएवढी एक काचपट्टी असते. तिघींवरून गेलेला उजेड पुन्हा एकत्र येतो आणि लेन्समधून भिंतीवर पडतो. लाल वाटेवरच्या पट्टीवर धुळीचा कण बसला, तर भिंतीवर तेवढ्या जागी लाल पोचत नाही. हिरवा आणि निळा तेवढे पोचतात. म्हणून निळसर-हिरवं पाणी. बारा-तेरा मिलिमीटरची पट्टी दोन मीटर रुंद भिंतीवर पसरली की दीडशे पटींच्या वर मोठी होते. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा कण मग दीड सेंटिमीटरचा होतो, आणि दुष्काळी तालुक्याला तलाव मिळतो. तोच कण हिरव्या पट्टीवर बसला असता तर तलाव जांभळा दिसला असता. मग मात्र पोरांनी विश्वास ठेवला नसता.

धूळ आणि पडदा यांचं नातं प्रस्तुत लेखकाला नवं नव्हतं. त्यांचं बालपण खटाव तालुक्यात गेलं. मार्गशीर्षात पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरते, बैलांचा मोठा बाजार भरतो, आणि हजारो खुरं मिळून असा फुफाटा उठवतात की घरून पांढऱ्या टोपीत गेलेला माणूस भगव्या टोपीत परत येतो. त्या फुफाट्यात तंबूचा सिनेमा उभा राही. एका टोकाला पडदा, दुसऱ्या टोकाला ‘पिक्चरची गाडी’, म्हणजे जुना ट्रक आणि त्याच्या पोटात मशीन. प्रोजेक्टर हा शब्द तिथे कोणी वापरत नसे. खेळाआधी तंबूत पाण्याचा सडा मारत. तो माणसांसाठी असतो असं लेखकाला बरीच वर्षं वाटत होतं. तो मशीनसाठी असे. माणसांना धूळ खायची सवय होतीच.

मशीनवरच्या माणसाला सगळे ऑपरेटरआण्णा म्हणत. तांबं चढवलेल्या कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर आणून ते ठिणगी पाडत, मग डोळे दिपतील असा उजेड. कांड्यांमागे मोठा खोलगट आरसा. कार्बन जळताना काजळी आणि तांब्याचे बारीक शिंतोडे उडून त्या आरशाला चिकटत. म्हणजे बाहेरून फुफाटा आत येई आणि आतून मशीन स्वतःची धूळ स्वतः तयार करी. शिवाय थंडीच्या कोरड्या हवेत फिल्मची पट्टी घासून पळाली की तिच्यात वीज भरते आणि ती आसपासची धूळ ओढून घेते. दर सेकंदाला चोवीस चित्रं, म्हणजे मिनिटाला नव्वद फूट पट्टी. नव्वद फूट सुंभ पुसेगावच्या बाजारातून ओढत नेला तर त्याला जे लागेल, ते सगळं पट्टीला लागत असे.

एकदा लेखक, वय वर्षं दहा, ट्रकच्या फळीवर चढून लेन्सकडे बघत होते. काचेवर धूळ स्पष्ट दिसत होती. संस्कारी मुलगा, त्याने सदऱ्याचा सोगा हातात घेतला.

“आण्णा, पुसू का?”

“पुसशील तर हात मोडीन!” आण्णा रीळ सोडून धावले. “सोगा खाली टाक. फुकायची बी न्हाई. थुकी उडती.”

मग त्यांनी जे दाखवलं ते लेखकाला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकताना कोणी दाखवलं नाही. त्यांनी चालू खेळात लेन्सच्या पुढच्या काचेवर कागदाचा एक कपटा धरला. पडद्यावर कपटा दिसला नाही. चित्र किंचित मंदावलं, इतकंच. मग म्हणाले, “आता हितं एक केस पडू दे, मग बग.” ‘हितं’ म्हणजे गेट. पट्टी जिथून उजेडासमोर सरकते ती चौकट. लेन्सचं सगळं लक्ष त्या चौकटीवर लागलेलं असतं, म्हणून तिथे जे असेल ते पडद्यावर रेखीव उमटतं. चौकट एकवीस मिलिमीटर रुंद, पडदा वीस फूट. म्हणजे पावणेतीनशे पटींच्या वर. डोक्याचा एक केस तिथे अडकला की पडद्यावर बैलाच्या कासऱ्याएवढा जाड होऊन वळवळतो. पट्टीवरचा कण तरी सेकंदाच्या चोविसाव्या हिश्शात पुढे निघून जातो. गेटमधला केस मुक्कामी. नायकाच्या आईने प्राण सोडला तरी तो तिच्या नाकाखाली मिशीसारखा हलत राहणार, आणि ज्या प्रसंगाला तंबूने डोळे पुसायचे तिथे तंबू शिट्ट्या मारणार.

तर आण्णांचा हिशेब साधा होता. लेन्सवरची धूळ सोसायची, गेटमधली सोसायची नाही. दर रिळाला गेट साफ. लेन्सला मात्र हात आठवड्यातून एकदा, आणि तोही असा: आधी औषधाच्या दुकानातून आणलेला, कान धुवायचा रबरी फुगा दाबून नुसती हवा मारायची. मग दाढीचा मऊ ब्रश, ज्याने कधीही दाढी केलेली नाही. एवढं करून डाग उरलाच तर जुनेर. कोरं कापड चालत नसे, त्यात खळ असते. वीस-पंचवीस धुण्यांत मऊ झालेलं नऊवारीचं जुनेर पाहिजे. ते कुठून आणायचं हा प्रश्न आण्णांनी लग्न करून सोडवला होता.

या पुसण्याच्या भीतीला आधार आहे. माणदेशच्या रानात नांगराला गारगोट्या लागतात. पूर्वी त्याच गारेवर चकमक झाडून विस्तव करत. ही गार काचेपेक्षा कठीण असते. तिचा डोळ्याला न दिसणारा कण काचेवर बसला आणि वरून सदऱ्याचा सोगा फिरला, की तो पुसला जात नाही, नांगरतो. त्यातून लेन्सवर जो जांभळट झाक मारणारा लेप असतो, उजेड परत फिरू नये म्हणून दिलेला, तो काचेहून नाजूक. धूळ लेन्सवर दहा वर्षं बसली तर उजेड थोडा खाईल. सोगा दहा सेकंदांत जे करतो ते पुन्हा भरून येत नाही. लेखकाचं स्पष्ट मत असं की महाराष्ट्रातल्या बहुतेक लेन्सा धुळीने नव्हे, स्वच्छतेच्या आवडीने गेल्या.

धुळीचेही गावागणिक प्रकार. पौषात कराड तालुक्यातल्या पालला खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं आणि आभाळातून भंडारा बरसतो. तिथली धूळ पिवळी. हळद तेलकट, काचेला धरून बसते आणि उजेडातला निळा रंग खाते. पालच्या मुक्कामात सगळ्या नायिका हळद लागल्यासारख्या दिसतात, लग्न मात्र शेवटच्या रिळात, असं आण्णा म्हणत. खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत खिलार जनावरांचा बाजार, म्हणजे पुन्हा पुसेगावचीच कथा, आटपाडीच्या मातीत. विट्याला यंत्रमागांवरचं सुताचं तूस. हे धुळीसारखं बसत नाही, तरंगतं आणि गेटमध्ये लोकरीसारखं गोळा होतं. सांगलीत हळदीचा व्यापार एवढा की पालचा भंडारा तिथे बारमाही. पश्चिमेला महाबळेश्वर-पाटणकडे धूळ नाही म्हणून हायसं वाटावं, तर तिथे पावसाळ्यात लेन्सच्या आतच बुरशी धरते. धूळ लागू नये म्हणून कापडात गुंडाळून पेटीत बंद केलेल्या लेन्सला तर ती आधी धरते. एकाच जिल्ह्यात काच पूर्वेकडे मातीने मरते आणि पश्चिमेकडे ओलीने, हा सातारा जिल्ह्याचा विशेष कुठल्या पाठ्यपुस्तकात आलेला नाही.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं तेव्हा ही कटकट नव्हती. त्या खेळाच्या दिव्यांना लेन्स नसे. कटकट सुरू झाली काचेवरची चित्रं कंदिलाने पडद्यावर टाकायला लागल्यावर. कल्याणच्या पटवर्धनांनी १८९० च्या दशकात ‘शांबरिक खरोलिका’ नावाने असे खेळ केले, हाताने रंगवलेल्या काचांचे. काचेवरचा बोटाचा ठसा म्हणजे रावणाच्या छातीवर बोटाचा ठसा.

तंबूतल्या धुळीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मशीनपासून पडद्यापर्यंत जो उजेडाचा सोट जायचा, तो दिसायचा तो धुळीमुळेच. विड्यांचा धूर आणि फुफाटा त्यात संथ फिरत असे, आणि निम्मी पोरं पडद्याऐवजी वर बघत बसत. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या अशाच फिरत्या तंबूंवर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. तो २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेला आणि तिथे त्याचा खास गौरवही झाला. आपल्या जत्रेचा फुफाटा फ्रान्समधल्या निष्कलंक पडद्यावर उतरला, आणि या खेपेला तो कोणी पुसायला धावलं नाही.

आता पट्टी गेली, कार्बन गेला, आण्णाही गेले. नव्या यंत्रांत हुशारी पुष्कळ आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीत लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये जी आरशांची चिप घडवली, तिच्या वंशातल्या आजच्या चिपांवर लाखो सूक्ष्म आरसे असतात, एकेक मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास. त्यांच्यावर हवाबंद काच बसवतात, आणि ती आरशांपासून थोडी लांब ठेवतात. त्यामुळे काचेवर बसलेला कण भिंतीवर रेखीव उमटत नाही, विरून जातो. आण्णांनी कागदाचा कपटा धरून दाखवलं होतं ते हेच. त्यांनी पेटंट घेतलं नाही.

शाळेतल्या स्वस्त यंत्राचं दुखणं निराळं. त्याचा दिवा तापतो, म्हणून पंखा. पंखा हवा ओढतो, आणि हवेबरोबर खडूची भुकटी येते, वाळत घातलेल्या मुगाची टरफलं येतात, मैदानावर चाललेली कबड्डी येते. म्हणून पंख्याच्या तोंडाशी गाळणी. ती ठराविक तासांनी साफ करायची असते हे पुस्तिकेत छापलेलं आहे, आणि पुस्तिका हेडमास्तरांच्या कपाटात कुलपात होती. ती मळू नये म्हणून.

तलाव दिसल्यावर प्रस्तुत लेखकाने उपाय केला. शाळेत सत्काराच्या शाली चिकार होत्या. त्यांतली एक जाड शाल त्यांनी प्रोजेक्टरला पांघरली. वर्ग संपल्यावर नव्हे, चालू वर्गात, लेन्सपुरतं भोक ठेवून. नारळ तेवढा द्यायचा राहिला. विसाव्या मिनिटाला यंत्राने लाल दिवा लावला, पंखा घोंघावला, आणि दहिवडी, म्हसवड, तलाव, सगळ्यावर अंधार पडला. श्वास कोंडून घेरी आलेल्या या यंत्राला वर्गाने टाळ्या वाजवल्या.

दुरुस्तीसाठी ते सांगलीला नेलं. दुकानदाराने चार स्क्रू काढून गाळणी ओढली. ती निघेना. निघाली तेव्हा तिच्या मागे बोटभर जाडीचा, दाट विणीचा, राखाडी थर आला, एक सलग. दुकानदाराने तो चिमटीत उचलून उजेडाकडे धरला. “सर, हे घोंगडं माणदेशाकडचं दिसतंय,” तो म्हणाला. मग आतली लाल वाटेवरची पट्टी उघडी केली, खणातून एक रबरी फुगा काढला, आणि दोनदा दाबला. औषधाच्या दुकानातला, कान धुवायचा फुगा.

“पुसत नाही का?” लेखकाने मुद्दाम विचारलं.

“पुसून काय वाटोळं करायचंय का?”

माण तालुक्यातला तलाव असा आटला. सहामाहीच्या पेपरात मात्र चार पोरांनी तो दहिवडीच्या वर इमानाने दाखवला, एकाने तर बाजूला ‘पाझर तलाव’ असं लिहूनही. प्रस्तुत लेखकाने चौघांनाही अर्धा अर्धा गुण दिला, आणि नाव लिहिणाऱ्याला पूर्ण.