वाचनालय ऑनलाइन करण्याची शास्त्रोक्त रीत

सदर मार्गदर्शन नेवासे तालुक्यातील अनुदानित सार्वजनिक वाचनालयांच्या ग्रंथपालांसाठी आहे. ज्या वाचनालयात ग्रंथपाल, लिपिक, झाडणारा आणि पंधरा ऑगस्टचा सूत्रसंचालक ही चारही पदे एकच इसम भूषवतो, त्याने ते विशेष लक्ष देऊन वाचावे. ज्याच्याकडे शिपाई आहे त्याने ते शिपायाला वाचायला द्यावे. शिपायाचा मोबाइल बहुधा जास्त चांगला असतो.

आरंभी जिल्हा निवडावा. कोणतेही पोर्टल उघडले की पहिला प्रश्न हाच येतो. 2024 साली आपला जिल्हा अहिल्यानगर झाला, पण संगणकाच्या कानावर बातमी जायला वेळ लागतो. यादीत अहिल्यानगर नसेल तर अहमदनगर शोधावे. मग तालुका. नेवासा इंग्रजीत लिहिताना कोणी ‘व्ही’ लावतो, कोणी ‘डब्ल्यू’. मराठीत एसटीच्या पाटीवर नेवासा, जुन्या कागदांवर नेवासे. अशा वेळी वाद घालत बसू नये. बँकेच्या पासबुकावर जे स्पेलिंग आहे तेच खरे, कारण अनुदान तिथे जमा होते.

पासवर्डचा प्रश्न आपल्या तालुक्यात थोडा नाजूक आहे. शनिशिंगणापूर आपल्याच तालुक्यात येते. तिथे परंपरेने घरांना दारे नसत, आणि 2011 साली एका राष्ट्रीयीकृत बँकेने बिनकुलपाची शाखासुद्धा काढून दाखवली. या परंपरेला अनुसरून पासवर्ड मोठ्या अक्षरांत लिहून मॉनिटरच्या कडेला सेलोटेपने चिकटवावा. चोरी झाल्यास चोराला पोर्टलवरील वार्षिक अहवाल भरावा लागेल. ही शिक्षा पुरेशी आहे.

आता प्रशिक्षण. अमेरिकेतील शार्लट शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात 2006 साली हेलेन ब्लोअर्स नावाच्या बाईंनी कर्मचाऱ्यांना 23 गोष्टी नेमून दिल्या. इंटरनेटवरचे एकेक नवे साधन घ्यायचे, आपल्या वेळेने स्वतः वापरून बघायचे, अडले तर शेजारच्याला विचारायचे. सगळ्या गोष्टी पूर्ण करणाऱ्याला एमपीथ्री प्लेअर बक्षीस. पुढे ही रीत अनेक देशांतल्या ग्रंथालयांनी उचलली. आपल्याकडेही प्रशिक्षण होते, फक्त तिथे वापरून बघायचे होते आणि इथे बघायचे असते. पडद्यावर बाण फिरतो, साहेब म्हणतात ‘इथे क्लिक करायचं’, आणि समोरचे साठ ग्रंथपाल मनातल्या मनात क्लिक करतात. शेवटी फाईल, पेन, प्रमाणपत्र. मिसळ चांगली असेल तर प्रशिक्षण यशस्वी झाले असे समजून सहाच्या गाडीने नेवासा फाट्यावर उतरावे.

घरी आल्यावर ओटीपी हा विषय सुरू होतो. त्याला स्वतंत्र प्रकरण द्यायला हवे, कारण ग्रंथपालाच्या ऑनलाइन आयुष्याचा मोठा भाग त्यातच जातो. नोंदणी करताना संस्थेचा मोबाइल क्रमांक म्हणून सचिवांचा दिलेला असतो. सचिव शेतकरी. शेतीची लाइट या आठवड्यात रात्रीची असेल तर सचिव रात्री उसाला पाणी धरतात आणि दिवसा झोपतात. तेव्हा पुढीलप्रमाणे करावे. रात्री अकराला संगणक चालू करावा. सचिवांना फोन लावावा. ते ‘थांब, बारं मोडतो’ म्हणतील, थांबावे. मग ‘ओटीपी पाठवा’ हे बटण दाबावे. सचिवांचा चष्मा बांधावरच्या पिशवीत आहे. पिशवी मोटारीपाशी आहे. ते बॅटरीच्या उजेडात आकडे वाचू लागतात: ‘चार… सात… हा सात का एक रं?’ दहा मिनिटांची मुदत संपते. पुन्हा बटण दाबावे. आता दोन ओटीपी आलेले असतात आणि सचिव प्रामाणिकपणे पहिला वाचतात. तिसऱ्या चुकीनंतर खाते चोवीस तासांसाठी बंद होते, म्हणजे दोघांनाही झोप मिळते. ही या व्यवस्थेतली एकमेव माणुसकीची सोय.

इंटरनेटचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकावा, असे काही जण विचारतात. 2022 साली राज्य सरकारने अनुदान 60 टक्क्यांनी वाढवले. ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाला वर्षाला 30 हजार मिळत ते 48 हजार झाले, म्हणजे महिन्याला चार हजार. त्यातच ग्रंथपालाचा पगार, पुस्तके, वर्तमानपत्रे आणि विजेचे बिल. हे गणित पाठ असलेला ग्रंथपाल रिचार्ज स्वतःच्या खिशातून मारतो आणि शीर्षाच्या भानगडीत पडत नाही. मार्गदर्शकानेही पडू नये.

पुस्तकांची यादी संगणकावर आणणे हे तुलनेने सोपे, कारण ती एकदा आणून झालेली असते. पूर्वी कधीतरी लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानातून ती टाइप करून घेतली होती, म्हणून दाखल क्रमांक एकच्याही आधी ‘श्री गजानन प्रसन्न’ असे आहे. त्या दुकानाचा फॉन्ट आपल्या संगणकात नाही. त्यामुळे यादी उघडली की खांडेकरांच्या जागी कंस, टक्के आणि उद्गारचिन्हे दिसतात. मूळ सीडी कपाटात जपून ठेवलेली आहे, पण ती वाचणारे यंत्र गावात उरलेले नाही. पुरातत्त्वज्ञ डॉ. सांकळियांनी 1954 ते 56 या काळात नेवाशात उत्खनन केले तेव्हा ताम्रपाषाण युगातली रंगीत खापरे निघाली आणि त्यांवरची नक्षी विद्वानांना सरळ वाचता आली, हे सीडीच्या संदर्भात आठवते. असो. यादी आता युनिकोडमध्ये नव्याने टाइप करावी. सॉफ्टवेअर फुकट मिळते. ‘कोहा’ हे न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी तयार झाले, 2000 सालापासून चालते आणि कोणालाही मोफत वापरता येते. आपल्या सरकारच्या एनआयसीचे ‘ई-ग्रंथालय’ आहे. कोणतेही घेतले तरी जुनी दाखल नोंदवही फेकू नये. नोंद आधी वहीत करावी, मग संगणकात करावी, मग संगणकातली बरोबर आहे का हे वहीत पाहावे. याला कामाचा बोजा कमी होणे म्हणतात.

ज्ञानेश्वरीपाशी थोडे अडखळायला होईल. ड्यूईच्या दशांश पद्धतीत तिला हिंदू धर्म म्हणून 294.5 मध्ये बसवावे की मराठी कविता म्हणून 891.461 मध्ये, हे सॉफ्टवेअर विचारते आणि उत्तर दिल्याशिवाय पुढे सरकू देत नाही. शिवाय शोधणारे इंग्रजी अक्षरांत शोधतात. इकडचे ‘डी’ने सुरुवात करतात, विद्यापीठातले ‘जे’ने, उत्तरेकडून दर्शनाला आलेले ‘जी’ने. ‘निकाल सापडला नाही’ असे नेवाशाच्या वाचनालयात ज्ञानेश्वरीबद्दल पडद्यावर येणे बरे दिसत नाही. तेव्हा तिन्ही स्पेलिंगे भरून ठेवावीत.

बोलून टाइप करण्याच्या सोयीबद्दल मात्र नेवाशाला कोणी शिकवू नये. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरांनी याच गावात सांगितले आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतले. ओव्या नऊ हजारांवर झाल्या, आणि बाबांनी मधेच स्वतःच्या मनाने दुसरा शब्द घातल्याचे ऐकिवात नाही. मोबाइल घालतो. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वर बसले असे आपण मानतो, त्या पैस खांबावर दुर्गा भागवतांनी लेख लिहिला आणि त्यांच्या ‘पैस’ याच नावाच्या पुस्तकाला 1971 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वाचनालयाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एखादा सभासद ‘दुर्गाबाईंचं पैस आहे का?’ असे बोलतो, मोबाइल ‘दुर्गाबाईंचे पैसे आहेत का?’ असे लिहितो, आणि कोषाध्यक्ष दोन मिनिटांत खुलासा करतात की या नावाच्या सभासदाची अनामत आपल्याकडे शिल्लक दिसत नाही.

या ग्रुपविषयी स्पष्ट धोरण हवे. तो दोन प्रकारे चालवता येतो. ‘फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतील’ हे बटण दाबले की ग्रुप स्वच्छ राहतो. त्यावर वाचन प्रेरणा दिन, मराठी भाषा गौरव दिन, ग्रंथपाल दिन यांचे फोटो क्रमाने टाकावेत. फोटोत अक्षांश-रेखांश उमटतील असे ॲप वापरावे, म्हणजे प्रतिमापूजन वाचनालयातच झाले, प्रवरेच्या पात्रात नाही, याची वर खात्री पटते. हार, नारळ, अध्यक्ष आणि पुस्तक एका चौकटीत मावत नसल्यास पुस्तक वगळावे.

दुसरा प्रकार म्हणजे ग्रुप उघडा ठेवणे. तो धोक्याचा आहे. सकाळी गुलाबाची फुले येतात, दुपारी कांद्याचे भाव येतात, आणि एखाद्या रात्री कुकाण्याच्या बाई विचारतात, ‘दादा, मागच्या खेपेला सांगितलेला दिवाळी अंक परत आला का? आला असेल तरच उद्याच्या एसटीने येते.’ ग्रंथपाल पाहतो, सकाळीच आलेला असतो. ‘आलाय ताई, बाजूला ठेवतो.’ बाईंची एक फेरी वाचते. वाचकाचा वेळ वाचवा, हे रंगनाथनांनी 1931 सालीच ग्रंथालयशास्त्राच्या आपल्या पाच सूत्रांत चौथे म्हणून सांगून ठेवले होते. पण हा प्रकार नोंदवायला कोणत्याही विवरणपत्रात रकाना नाही. सबब तो घडला नाही असे समजावे, आणि अध्यक्षांनी ‘ग्रुपवर शिस्त पाहिजे’ म्हटल्यास पहिले बटण दाबावे.

क्यूआर कोड. यादीचा क्यूआर कोड काउंटरवर लावला की वाचनालय आधुनिक दिसते, त्यामुळे लावावाच. मात्र आपल्याकडे क्यूआर कोड म्हणजे पैसे. जुने सभासद तो बघून खिशात हात घालतात. ‘किती टाकायचे?’ काही टाकायचे नाहीत, पुस्तकांची नावे दिसतील, असे सांगावे. त्यांचा विश्वास बसत नाही. ते स्कॅन करतात, पडदा बघतात, मग कान देऊन उभे राहतात. ‘आवाज नाही आला. गेले का नाही?’ शेवटी शेजारच्या चहाच्या टपरीवरच्या डब्यातून ‘दहा रुपये प्राप्त झाले’ असे ऐकू येते आणि ते समाधानाने वर्तमानपत्राकडे वळतात.

या सगळ्यात अडले तर कोणाला विचारावे? मदत क्रमांक व्यस्त असतो. वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. तिथे स्पर्धा परीक्षेची पोरे सकाळी सातपासून बसलेली असतात, आपल्या वाय-फायवर आणि आपल्या खुर्च्यांवर. त्यांतल्या एकाला खाली बोलवावे. तो उभ्या उभ्या चार कळा दाबतो, ‘झालं काका’ म्हणतो आणि जातो. काय केले ते विचारू नये, त्याच्या पूर्वपरीक्षेला वेळ थोडा आहे. मात्र तो पास झाल्यास नवा पोरगा हेरून ठेवावा, आणि ही जबाबदारी वहीत लिहून पुढच्या ग्रंथपालाकडे सोपवावी.

तपासणीच्या दिवशी साहेब विचारतील, संगणकीकरण झाले का? झाले म्हणावे. संगणक चालू असावा, पडद्यावर काहीतरी दिसत असावे. साहेब पडद्याकडे बघून मान हलवतील आणि दाखल नोंदवही मागतील. वही द्यावी. ते प्रत्येक पानावरचे शिक्के बघतील, देवघेव वहीतल्या सह्या बघतील, मग शेरेबुकात शाईच्या पेनाने लिहितील: संगणकीकरण समाधानकारक. त्या पानाचा फोटो काढून, पीडीएफ करून त्याच दिवशी पोर्टलवर चढवायचा असतो. फाईल दोनशे केबीच्या आत बसवून द्यायला अभ्यासिकेतला पोरगा आहेच. राहता राहिला ओटीपी. सचिव या आठवड्यात दिवसपाळीला आहेत, पण मोबाइल घरी विसरून गेलेत.