पास वसूल

जोडीदाराच्या कामाच्या परदेशवारीत आगगाडीचे पर्यटन घुसवण्याच्या प्रकाराचा पाया म्हणजे हॉटेलची खोली. खोली कंपनीची, पलंग दोघांचा, नाश्ता मात्र बहुधा एकाचाच. राहण्याचा खर्च वाचला म्हणजे तेवढे पैसे हातात आलेच, असा हिशेब घरात मांडला जातो आणि विमानाचे तिकीट, व्हिसा, विमा, लोकरी जाकीट हे सगळे त्याच वाचलेल्या पैशांतून निघते. ते पैसे तिसऱ्या खरेदीलाच संपलेले असतात, पण तोवर सुट्टी मंजूर झालेली असते.

अभ्यासासाठी झुरिकचे उदाहरण सोयीचे. बायकोची तिथे आठवडाभर बैठक आहे आणि नवरा सोबत निघाला आहे असे धरू. पुण्यात हल्ली हे उलटे वाटत नाही. व्हिसापासूनच दोघांची प्रतवारी सुरू होते. तिच्यासाठी कंपनीचे पत्र आणि निमंत्रण येते. त्याला लग्नाचा दाखला, बँकेची विवरणे आणि परत येणार असल्याचे पुरावे जमवावे लागतात. किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा दोघांनाही लागतो, आणि त्या बाबतीत तरी संसार समान पातळीवर येतो.

स्वित्झर्लंड या कामासाठी घडवल्यासारखा देश आहे. 1982 साली तिथे ठरावीक अंतराने धावणाऱ्या गाड्यांचे वेळापत्रक देशभर लागू झाले. मोठ्या स्थानकांत चहूकडच्या गाड्या साधारण एकाच सुमारास येतात, माणसे इकडून तिकडे होतात आणि गाड्या पुन्हा चहूकडे पांगतात. त्यामुळे झुरिकहून ल्युसर्न पाऊण तासावर आणि बर्न तासाभरावर येते. सकाळी नऊला बायको बैठकीत शिरली की नवरा निघतो आणि ती दमून परते तोवर एक सरोवर, एक जुना पूल आणि दोन चॉकलेटची दुकाने उरकून खोलीत हजर असतो. दमला तोही असतो, पण तसे बोलून दाखवण्याची सोय नसते.

खरा गुंता तिकिटाचा. परदेशी पाहुण्यांसाठी असलेला स्विस ट्रॅव्हल पास 3, 4, 6, 8 किंवा 15 दिवसांचा मिळतो. आगगाडी, बस, बोट, शहरातली ट्राम आणि पाचशेहून अधिक संग्रहालये एवढे सगळे त्यात येते. सुटे दिवस निवडण्याचा प्रकारही आहे, पण तो थोडा महाग, म्हणून मराठी मन सलग दिवसांचा पास घेते. तिथून पर्यटन थांबते आणि वसुली सुरू होते. पाऊस असो, सर्दी असो, पास चालू आहे तोवर खोलीत पडून राहणे म्हणजे रोज ठरावीक फ्रँक गटारात टाकणे. दोन ट्राम थांब्यांचे चालत जाण्याजोगे अंतरही ट्रामनेच कापले जाते. अगदीच काही जमले नाही तर मुख्य स्थानकामागच्या राष्ट्रीय संग्रहालयात दोन तास काढले जातात. चिलखतांविषयी आयुष्यात प्रथमच कुतूहल वाटते. पाण्यावर मात्र खर्च नाही. झुरिकमध्ये बाराशेहून अधिक कारंजी आहेत आणि त्यांचे पाणी पिता येते, त्यामुळे घरून नेलेल्या बाटलीची वसुली वेगळी होते.

फलाटावर एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. हान्स हिल्फिकर या अभियंत्याने 1944 मध्ये आखलेले स्थानकाचे घड्याळ. त्याचा सेकंदकाटा लाल, टोकाला वाटोळी चकती, गाडी सोडणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातातल्या इशाऱ्यासारखी. हा काटा साधारण साडेअठ्ठावन्न सेकंदांतच फेरी पुरी करतो आणि बारावर येऊन थबकतो. मुख्य घड्याळाचा विजेचा ठोका आला की मिनिटकाटा उडी मारतो आणि लाल काटा पुन्हा निघतो. त्या दीड सेकंदाचे चित्रण करण्याच्या नादात गाडी चुकू शकते. दादरला सुटलेली लोकल पकडण्याची तालीम इथे निरुपयोगी ठरते, कारण गाडी हलण्याआधीच दारे बंद झालेली असतात. मग बैठकीत बसलेल्या बायकोच्या फोनवर घड्याळाचे छायाचित्र जाते, पाठोपाठ बोटीचे, पाठोपाठ गाईचे. तिने फोन टेबलावर पालथा ठेवावा, हे उत्तम.

शनिवार-रविवार दोघांचे. दोनच दिवसांसाठी तिला पास परवडत नाही, म्हणून ती महिनाभर अर्ध्या दरात तिकिटे देणारे कार्ड घेते. पहिल्या दिवशी दर ट्रामला ती तिकीट काढते आणि तो हात मागे बांधून उभा राहतो. दुसऱ्या दिवशी हिशेब फिरतो. युंगफ्राउयोखला, म्हणजे 3,454 मीटरवरच्या, 1896 ते 1912 अशी सोळा वर्षे डोंगर पोखरून गाठलेल्या स्थानकाला जायचे ठरते. पासवर ग्रिंडेलवाल्डपर्यंत फुकट जाता येते, पण पुढच्या महागड्या टप्प्यावर सवलत फक्त 25 टक्के. तिच्या कार्डावर 50. खिडकीशी उभे राहून आठवडाभर काम केलेली व्यक्ती आठवडाभर फिरलेल्यापेक्षा पुढच्या टप्प्याचे तिकीट स्वस्तात घेते. न्याय म्हणतात तो हाच असावा. वर बर्फ असते, भारतीय जेवण मिळते आणि ढग असतील तर तेवढेच मिळते.

खरे तर अशा जोडप्यासाठी रिगीचा डोंगरच बरा. ल्युसर्नहून तासाभराची बोट, मग विट्स्नाउहून दातेरी रुळांची गाडी, 1871 पासून चालणारी, युरोपातली तिच्या जातीतली पहिली. हे सगळे पासात येते. पण रिगी पाहून आल्याचे नातेवाइकांना सांगितले तर ते युंगफ्राउ का नाही, असे विचारतात, आणि पुष्कळशी परदेशवारी त्यांच्यासाठीच केलेली असते.

परतीच्या दिवशी पास अजून चालू असतो. विमानतळाचे स्थानक इमारतीच्या पोटातच असून शहरापासून दहा-बारा मिनिटांवर आहे. बॅगा देऊन झाल्यावर तो शहरात आणखी एक फेरी मारून येतो. ती तिथेच बसून पावत्या लावते. विमानतळापर्यंतचे तिचे अर्ध्या दराचे तिकीट कंपनीकडून परत मिळायचे असते.