सुखसोयींचा दरबार

पुण्याच्या हिंजवडीतील संगणक-व्यवसायाच्या काचमहालांत नोकरवर्गाच्या सौख्याची जी अहोरात्र चिंता वाहिली जाते, ती पाहून कोणाही सहृदय माणसाचे अंतःकरण भरून यावे. कारण तेथे टेबल टेनिसचे मेज आहे, लोळण्यास बीन बॅगा आहेत, शुक्रवारी पिझ्झा आहे, आणि तणावमुक्तीवर व्याख्यान देणारे तज्ज्ञही आहेत, ज्यांच्या श्रवणार्थ सायंकाळी तासभर अधिक थांबणे अर्थातच बंधनकारक असते.

परंतु मनुष्यस्वभाव मूळचाच कृतघ्न असल्यामुळे हा नोकरवर्ग त्या मेजाकडे पाठ फिरवून भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब तपासत बसतो, रजेचा अर्ज मंजूर झाला किंवा कसे याची पृच्छा करतो, आणि वृद्ध आईवडिलांची नावे वैद्यकीय विम्यात दाखल होतील काय, असला अरसिक सवाल मालकांपुढे पेश करतो. प्रसूतिलाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा 12 वरून 26 आठवड्यांवर नेली व 50 किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांवर पाळणाघराची सक्ती केली. पण पाळणाघराला जागा कोठून आणावी? मेज हलवावे लागेल!

सरकारी कारकून या बाबतीत अधिकच अरसिक. 29 फेब्रुवारी 2020 पासून महाराष्ट्र शासनाने पाच दिवसांचा आठवडा लागू केला, तो रोजचे काम पाऊण तासाने वाढवून. तरीही कर्मचारी संघटनांनी रेटली होती ती मागणी शनिवारचीच. ध्यानधारणेच्या वर्गासाठी मंत्रालयावर मोर्चा गेल्याचे निदान आमच्या तरी ऐकिवात नाही.